लाल दिवा नेमका कधी लागला

भसीन सरांनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला आणि खाली सही करायला सांगितलं. सिस्टिम व्यवस्थित चालू होती, एवढं एक वाक्य लिहायचं आणि सही करायची. डेटा समोरच होता.

तीन चाळीसला वाऱ्याचा वेग मर्यादेच्या वर गेल्याची नोंद होती. एका बिल्डरच्या साइटवर अपघात झाला तीन बावन्नला. म्हणजे क्रेन ऑपरेटरला बारा मिनिटं आधी इशारा मिळाला होता, आणि तरी त्याने शटरिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, लोखंडी प्लेट्स उचलल्या. आंधी आली, धुळीचं वादळ, बोजा हेलकावला, परांचीवर जाऊन आदळला. एका सुताराचा खांदा मोडला. ऑपरेटरला त्याच संध्याकाळी कामावरून बंद केलं होतं. आमची सही झाली की त्याला कायमचं काढणार होते.

गुडगावात तेव्हा शेतं संपून टॉवर उभे राहत होते. आमची, म्हणजे भसीन सरांची, कंपनी सात-आठ जणांची. हवामान मोजणारी यंत्रं बसवायची आणि त्यांचा डेटा गिऱ्हाइकापर्यंत त्याच क्षणी पोहोचवायचा, हा आमचा धंदा. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. दिल्लीतच वाढलेली, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून रोज चार्टर्ड बसने येणारी. या साइटवरची सिस्टिम मीच बसवली होती.

सिस्टिम साधी होती. टॉवरचं बांधकाम चालू होतं, आणि रस्त्यापलीकडे त्याच बिल्डरची एक तयार इमारत होती. तिच्या गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लावलं होतं. वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, एवढंच त्याचं रूप. शेजारी एक डबा, त्याला आम्ही लॉगर म्हणायचो. तो वेग नोंदवून ठेवायचा. रस्त्याखालून वायर टाकायची परवानगी मिळाली नाही, म्हणून लॉगर टेलिफोनवरून साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरला डेटा पाठवायचा. वारा मर्यादेबाहेर गेला की तो ताबडतोब फोन लावायचा, कॉम्प्युटर क्रेनच्या केबिनमधला लाल दिवा लावायचा, आणि ऑपरेटरने काम थांबवायचं.

मी सरांना विचारलं, ऑपरेटर काय म्हणतो? त्याचं म्हणणं, दिवा लागलाच नव्हता, बोजा आदळल्यावर लागला. सर म्हणाले, तो दुसरं काय म्हणणार. मी एक दिवस मागून घेतला. त्यांनी दिला, पण नाखुशीने. याच बिल्डरचे आणखी तीन टॉवर व्हायचे होते आणि त्यांचं काम आम्हाला मिळेल अशी आशा होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी साइटवर पोहोचले. साइट मॅनेजर तोमर यांनी एक माणूस गच्चीवर पाठवला. लॉगरवर टेस्टचं बटण होतं, ते दाबलं की जोराचा वारा आल्यासारखा संदेश जायचा. त्याने बटण दाबलं. चाळीस सेकंदांत दिवा लागला. पाच वेळा केलं, पाचही वेळा मिनिटाच्या आत लागला. तोमर म्हणाले, आता तसल्ली झाली ना? झालीच होती. सिस्टिम बसवली तेव्हाही मी अशीच, याच वेळेला टेस्ट केली होती.

गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे होते. मला पाहून पुढे आले. हेच ऑपरेटर, रईसभाई. मुरादाबादकडचे. कामावरून बंद केल्यापासून रोज हॉस्पिटलमध्ये त्या सुताराला डबा देऊन गेटपाशी येऊन थांबत होते. त्यांनी गयावया केली नाही. फक्त विचारलं, "मॅडम, आपकी मशीन में बत्ती जलने का टाइम आता है?"

मी प्रिंटआउट दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ये बत्ती का टाइम नहीं है."

त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. क्रेन कधी थांबवली, का थांबवली, हे रोज लिहायची त्यांना सवय होती. डायरी उर्दूत, मला एक अक्षर येत नव्हतं. मग ते वाचत गेले आणि मी प्रिंटआउटवर पेनाने लिहीत गेले. बाकावर आमच्यामध्ये चहाचे दोन ग्लास तसेच गार झाले.

सकाळच्या नोंदी तंतोतंत जुळल्या. दुपारच्या जुळेनात. आमच्या कागदावर तीन पस्तीस, त्यांच्या डायरीत तीन शेहेचाळीस. आमच्याकडे चार पाच, त्यांच्याकडे चार बारा. पाच-सहा दिवसांच्या नोंदी पाहिल्या. उशीर झाला होता तो प्रत्येक वेळी साडेतीन ते साडेचारच्या मधेच. माणूस खोटं लिहील तर इतकं वेळ पाळून लिहिणार नाही, असं मला वाटलं.

मी परत साइट ऑफिसात गेले आणि खुर्ची ओढून बसले. तोमर वैतागले, पण हाकललं नाही. साडेतीनला क्लार्कने दिवसभराच्या कामाचा रिपोर्ट काढला आणि हेड ऑफिसला फॅक्स करायला सुरुवात केली. एक-एक पान सावकाश आत जात होतं. मी फॅक्स मशीनची वायर हाताने धरून मागे-मागे गेले. ती टेबलाखालून, लॉगरचा फोन घेणाऱ्या आमच्या मोडेमच्या सॉकेटमध्ये शिरत होती.

क्लार्क साधा माणूस होता. नव्या लाइनसाठी अर्ज कधीचा केलेला, लाइन काही मिळत नाही, आणि ही लाइन तर दिवसभर रिकामीच असते, म्हणून महिन्यापूर्वी फॅक्स तिच्यावर जोडला, असं त्याने सांगून टाकलं. यात काही चूक आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

मी तोमरांचा माणूस पुन्हा गच्चीवर पाठवला, ठरल्या मिनिटाला बटण दाबायला सांगितलं आणि घड्याळ धरून उभी राहिले. लॉगरने फोन लावला, लाइन बिझी. असं झालं की तो पाच मिनिटं थांबून पुन्हा लावतो. पुन्हा बिझी. दिवा लागला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. तोमर माझ्या शेजारीच उभे होते.

मग प्रिंटआउट वेळेवर कसा? कारण लॉगर प्रत्येक नोंदीवर स्वतःच्या घड्याळातली वेळ टाकतो. ती वारा मोजल्याची वेळ. डेटा कॉम्प्युटरला मिळाल्याची वेळ वेगळी असते. ती मूळ फाइलमध्ये होती, पण प्रिंटवर नव्हती. सुरुवातीच्या टेस्टमध्ये दोन्ही वेळांत कधीच फरक आला नाही, कागदावर गर्दी होत होती, म्हणून तो कॉलम मीच काढून टाकला होता.

फाइल उघडली. अपघाताच्या दिवशीची नोंद: वारा मोजला तीन चाळीसला, डेटा मिळाला तीन त्रेपन्नला. अपघातानंतर एका मिनिटाने.

मी बाहेर येऊन रईसभाईंना सांगितलं. ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते झाले नाहीत. म्हणाले, त्या दिवशी पश्चिमेला आभाळ पिवळं झालेलं त्यांना दिसलं होतं, सफेद्याची, म्हणजे निलगिरीची, झाडं वाकायला लागलेली दिसली होती. मग थांबले का नाहीत, मी विचारलं.

"पहले दो बार रोका था, मॅडम. नीचे से डाँट पड़ी, बत्ती तो जली नहीं, काम क्यों रोका. उस दिन मैंने बत्ती की मानी."

तीस वर्षं आभाळ वाचणाऱ्या माणसाला मी एक दिवा दिला होता, आणि त्याने माझ्या दिव्यावर विश्वास ठेवला होता.

संध्याकाळी भसीन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "गलती किसकी लिखोगी?"

मी म्हटलं, लाइन जोडली त्यांनी, कॉलम काढला मी, आणि त्यानंतर दुपारी एकदाही टेस्ट केली नाही तीही मीच. सर म्हणाले, फक्त फॅक्सचं लिहिलं तरी चालेल, खोटं ठरणार नाही. मी पेन उचललं नाही. मग त्यांनीच माझ्यापुढचा कागद ओढून घेतला, 'व्यवस्थित चालू होती' हे शब्द खोडले आणि म्हणाले, दोन्ही लिही, खाली मीही सही करतो.

तोमरांनी आधी रिपोर्ट घ्यायला नकार दिला. मग घेतला, आणि तो हेड ऑफिसला गेला, फॅक्सनेच. आठ-दहा दिवसांनी रईसभाई कामावर परत आले. त्यांची माफी कोणी मागितली नाही. मी मात्र मागितली. त्यांनी हात हलवून विषय संपवला आणि सुताराची चौकशी करा म्हणाले. सुताराचा खांदा जुळला, पण हात पूर्ण वर जाईना. त्याला खालच्या मजल्यावर दारं-खिडक्यांचं काम मिळालं. इतके महिने अडलेली टेलिफोन लाइन आठवड्यात आली. ऑपरेटरला स्वतःच्या अंदाजाने क्रेन थांबवायची मुभा असावी, असंही मी रिपोर्टात लिहिलं होतं. बाकी सगळं मान्य झालं, ते झालं नाही. पण रईसभाई त्यानंतर आभाळ पाहून थांबायचे आणि खालून कोणी ओरडायचं नाही.

पुढचे तीन टॉवर आम्हाला मिळाले नाहीत. भसीन सरांनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही.

नंतर निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलं. टेलिफोन गेले, सॅटेलाइट आले, मोबाइल आले. नव्या इंजिनिअरला मी एवढंच सांगत आले: टेस्ट करायची ती साइटवर सगळ्यात जास्त गडबड असते त्या वेळेला. आणि डेटा लाइव्ह आहे असं कोणी म्हटलं, तर वारा कधी मोजला ते विचारू नका. ज्याला थांबायचं होतं त्याला तो कधी कळला, ते विचारा. बहुतेक वेळा याचं उत्तर कोणाकडे तयार नसतं. मग शोधायला तिथूनच सुरुवात करायची.