माइकवर न घेतलेलं नाव

आमच्या ह्यांनाबी हे ठाऊक नाय, माझ्या आईला नाय — एक बाई सोडली तर कुणालाच नाय. सातवी शिकलेली बाई मी, नीट मांडता येईल का कुणास ठाऊक. पण खरं सांगणार, हे नक्की.

आमचं गाव नाशिकजवळ, घरची फुलशेती. दुपारी रेडिओवर एक ताई बोलायच्या — पोराबाळांचं, दुखण्याखुपण्याचं. मग त्या रेडिओ सोडून आमदारकीला उभ्या राहिल्या अन् आमच्या देवळापुढं मांडव घालून बायकांचं हळदीकुंकू ठेवलं. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण तोंड कुणी बघितलेलं? माझ्या सासूबाई तर म्हणल्या, "थांब बाई, मी डोळे मिटते, मग बोल." ताई बोलल्या. सासूबाई तशाच डोळे मिटून, "हीच गं, हीच ती! पण रेडिओत जाड वाटायची." लय हसलो आम्ही. ताईबी हसल्या, अन् माइकवर म्हणल्या — माझा कार्यक्रम ऐकून जिनं पोरगी वाचवली, ती कुठंय?

ती मी. म्हणजे — पोरगी माझी. आदल्या उन्हाळ्यात तिला जुलाब-उलट्या लागल्या, डोळे आत गेले, मान टाकली तिनं. घरात मी एकटी. अन् काय केलं मी? दाराला धरून रडत बसले. शेजारची शकीलाचाची धावत आली, तिनं मीठ-साखरेचं पाणी केलं, चमच्या-चमच्यानं पाजलं, अन् पोरीला पदराखाली घेऊन सरकारी दवाखान्यात पळाली. ते पाणी तिनं ताईंच्याच कार्यक्रमात ऐकलेलं. आमच्या घरात रेडिओ होता, मी कधी लावला? संध्याकाळी हे मार्केटातून आले. पोरगी चालली होती अन् तू रडत बसली, म्हणून मारतील — ह्या भ्यानं बोलून गेले, रेडिओवर ऐकलं होतं, मीच पाजलं. ह्यांनी ते गावभर केलं, ताईंच्या माणसांनाबी सांगितलं.

आता माइक माझ्या हातात. मांडवाच्या कडंला चाची उभी, तिच्या कडेवर माझीच पोरगी. नुसतं एक नाव घ्यायचं होतं. ताईंचं काय बिघडलं असतं? उलट चाचीनं तर खरंच ऐकलं होतं! पण मी म्हणले, "मी ऐकलं, मीच पाजलं." टाळ्या पडल्या. चाचीनंबी वाजवल्या — पोरीचे हात धरून.

घरी जाताना पोरगी माझ्याकडं देत एवढंच म्हणली, "अच्छा बोली गं तू. डरी नहीं."

ताई निवडून आल्या. पुढं अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. चाचीनं अर्ज केला — नवरा गेलेला, तिला लय गरज होती. मीबी केला. ताईंचा निरोप आला, ती रेडिओवाली आई घ्या. घेतली. तेव्हा तरी तोंड उघडलं का मी? नवी साडी नेसून कामावर गेले.

चाची आता लोकांच्या मळ्यात फुलं तोडायला जाते. रस्त्यात दिसली की आधी तीच बोलते, पोरीचं विचारते.

पोरीला मी नाय वाचवलं. शकीलाचाचीनं वाचवलं. नोकरी तिची होती — अन् मी ती अजून करतेय.