लेकीची पुण्यातली मावशी

मी पुण्याला गेले ती लेकीला परत घेऊन यायलाच. यात लपवण्यासारखं काही नाही. सेवाग्रामला एका ग्रंथालयात जागा निघाली होती, तिच्या शिक्षणाला शोभेल अशी. आमच्या देवळीहून बसनं रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पण फोनवर विषय काढला की तिचं एकच, "बघू आई." सहा वर्षं मी ते 'बघू' ऐकत होते. तिचे बाबा गेल्यापासून घरात बोलणारं कोण, तर टीव्ही. म्हटलं, आता समोर बसवूनच विचारते.

गेले तो शनिवार होता. ती म्हणाली, "उद्या सकाळी माझा वॉक आहे, तूही चल." नोकरी एका कंपनीत, आणि रविवारी ही लोकांना पुण्यातला ज्यू लोकांचा जुना भाग पायी फिरवून दाखवते. मी विचारलं, "अन् लोक येतात?" "वीस-वीस येतात," ती म्हणाली. मी नाक मुरडलं. आमच्याकडे गल्ल्या बघायला सकाळी उठून कोणी जात नाही.

पण खोटं कशाला बोलू, बघून छाती फुगली. रास्ता पेठेच्या बाजूला वीस माणसं तिच्याभोवती गोळा झाली होती, आणि माझी ही पोरगी, जी शाळेत कविता म्हणताना घाबरून खाली बघायची, ती खणखणीत आवाजात सांगत होती. या ज्यू लोकांचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं म्हणतात. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवार त्यांचा देवाचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बोलणं मराठी, नेसणं साडी, देवाची कीर्तनंसुद्धा मराठीत. पुढं बरेच जण इस्रायलला गेले, आता इथं थोडी घरं उरलीत. त्यांच्या प्रार्थनाघरात शिरताना तिनं पुरुषांना डोक्यावर रुमाल घ्यायला लावला. रुमाल विसरलेल्या एका काकांना स्वतःची ओढणी दिली, तर सगळे हसले. "आज माझी आई पण आलीये," असं सांगितल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरला.

मग ती म्हणाली, "आता आपण मावशींच्या घरी जाऊ."

मावशी म्हणजे माझी बहीण, असं मी इतके दिवस समजत होते. ती हिंगणघाटला असते, आणि तिला ही दिवाळीचाही फोन करत नाही.

जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं दार. पोरीनं बेल वाजवली नाही. पर्समधून किल्ली काढली आणि लॅच उघडलं. चौकटीला बोटभर लांबीची एक डबी तिरपी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या ग्रंथातली वचनं असतात म्हणे, आत जाताना तिला बोट लावून ते ओठाला लावायचं. लोकांना ती हे नंतर सांगत बसली. आधी स्वतः केलं, न बघता, जशी मी घरात शिरताना चप्पल काढते तसं.

आत खुर्चीवर एक म्हातारी बसलेली. पांढरे केस, सुती साडी, गुडघे सुजलेले. "आलीस? औषध घेतलं गं मी," ती आधीच म्हणाली. ही वाकली, तिच्या पायात सपाता चढवल्या, उशी पाठीमागे सरकवली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. आतून डब्यांचे आवाज. कुठला डबा कुठं, सगळं पाठ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या घरी आली की "आई, चहापत्ती कुठे गं?" म्हणून विचारते!

मावशींनी मलिदा केला होता. आमच्याकडे मलिदा म्हणजे कुस्करलेली पोळी आणि गूळ. यांचा गोड पोह्यांचा, खोबरं आणि फळं घातलेला. मावशी लोकांना सांगत होत्या, "मला आता नारळ खवता येत नाही. हीच येऊन खवते. शुक्रवारी संध्याकाळी मी आमच्या शनिवारचे दिवे लावते तेव्हाही ही असते जवळ." म्हणजे शुक्रवारी इथं. आणि मी शुक्रवारी फोन केला की, "आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते."

एक बाई म्हणाली, "अगदी मुलीसारखं करते हो."

"मुलीसारखं नाही, मुलगीच माझी," मावशी म्हणाल्या.

झालं. माझं तोंड सुटलं. "आता माह्यी पोरगी इथं नाई राहून राह्यली बरं का! तिले सेवाग्रामले नोकरी लागली. मी घेऊन चालली तिले." वीस माणसांसमोर. नोकरी लागली नव्हती, पोरगी 'हो' म्हणाली नव्हती. बशी हातात धरून ती माझ्याकडे बघतच राहिली.

मावशींनी मात्र सुस्कारा सोडला. "बरं झालं, ताई. हिला कसं सांगू याच विचारात होते मी. मुलगा येतोय न्यायला. पुढच्या महिन्यात मी इस्रायलला चालले, कायमची."

पोरीनं उरलेल्यांना मलिदा वाढला. मग म्हणाली, "चला, शेवटचं ठिकाण बघू." आणि ते ठिकाणही तिनं नीट दाखवलं, आवाज जरासुद्धा न हलता. लोक पांगले तशी ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडली. हमसून हमसून. बाप गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला, पण खरं सांगते, मला तिची दया आली नाही. मनात एकच आलं, मी मेली तर ही एवढी रडेल का?

बऱ्याच वेळानं नाक पुसत ती म्हणाली, "मावशीच चालली तर आता इथं माझं कोण आहे? येते मी देवळीला."

हेच ऐकायला मी एवढ्या लांबून गेले होते. थोडं थांबायला हवं होतं मी. नीट विचार कर, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मोबाइल काढ. तिकीट बघ."

"आत्ता? नोटीस द्यावी लागेल आई, महिना जाईल."

"मग देजो नोटीस. महिन्यानंतरचं काढ, पण आत्ताच काढ."

तिचे डोळे कोरडे व्हायच्या आत मला ते तिकीट हवं होतं. तिनं काढलं.

सेवाग्रामची जागा तिला मिळाली. आता सकाळी डबा घेऊन ती देवळीच्या स्टँडवर जाते. शुक्रवारी दिवेलागणीला मोबाइल घेऊन गच्चीवर चढते आणि तासभर खाली येत नाही. शेजारणी म्हणतात, "आईपायी पुणं सोडलं पोरीनं. नशीब काढलं बाई तुम्ही!"

मी हो म्हणते.