हात पुढं करा

रिटायर झालेल्या मुख्याध्यापिकेला लोक एकाच कामाला बोलावतात, बक्षीस समारंभाला. समोर पोरं मांडी घालून उन्हात बसवलेली असतात, हार-नारळ होतो आणि कुणीतरी माइकवर म्हणतो, "मॅडम आता यशात मेहनतीचं आणि शिस्तीचं काय महत्त्व आहे ते सांगतील." मी सांगते. माझ्या वडिलांची गोष्ट त्यासाठी ठरलेली आहे. सगळं शिक्षण उर्दूत झालेला माणूस चाळिशी उलटल्यावर मराठी लिहायला शिकला, दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला आणि पुढे कचेरीत वरच्या खुर्चीत बसला. टाळ्या पडतात. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी ऐकवली तर पोरं घाबरतील आणि संस्थेच्या चिटणिसांचा चहा गार होईल, म्हणून ती इथं लिहिते.

आम्ही औरंगाबादला औरंगपुऱ्यात राहत होतो. वडील निजामाच्या काळापासून कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. त्या काळी आमच्याकडच्या हिंदू पोरांनाही वरचं शिक्षण उर्दूतूनच मिळायचं. बोलायला मराठी, लिहायला उर्दू. वडिलांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं की लोक लग्नाच्या पत्रिका लिहून घ्यायला घरी येत. त्या अक्षराचा त्यांना माज होता आणि तो आमच्या तळहातांना भोगावा लागे.

दारामागच्या खुंटीला निरगुडीची छडी टांगलेली असे. संध्याकाळी दिवा लागला की मी आणि धाकटा भाऊ भिंतीशी उभे राहून पाढे म्हणायचो. चुकलं की वडील म्हणत, "हात पुढं कर." ओरडत नसत. पानाचा डबा मागावा तशा आवाजात म्हणत. कायदे ठरलेले होते. हात लगेच यायला पाहिजे, तळवा वर पाहिजे. मागं घेतला तर दोन जादा, रडलं तर आणखी दोन. डोळे मिटायची तेवढी परवानगी होती. धडा पुरा होईपर्यंत जेवण नाही. ताट समोर वाढून ठेवायचं आणि गार होऊ द्यायचं. हळूहळू असं झालं की ते शब्द कानावर पडले की आमचा हात आम्हाला न विचारताच पुढं जायला लागला. वडिलांना याचा फार अभिमान होता. "मेहनत और डिसिप्लिन," ते आल्यागेल्याला सांगत, "पोरं अशी घडतात." भाऊ घडला तो एवढाच, की सात वर्षांचा घोडा अंथरूण ओलं करायला लागला. त्याच्यावरही औषध छडीच होतं.

आई नगरकडची, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यात इंग्रजी मुलखातली. मराठी सातवी पास. वडिलांना त्या सातवीची भारी गंमत वाटे. पाहुणे आले की म्हणत, "आमच्या घरी एक विद्वान आहेत. भाकरीसुद्धा व्याकरण पाहून थापतात." पाहुणे हसत. आईही हसे आणि चहाच्या कपबशा उचलून आत जाई.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. वडिलांनीही मिरवणुकीत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. काही वर्षांनी आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला, कचेरीचा कारभार मराठीत आला आणि ते देखणं अक्षर एका हुकमात कुचकामी झालं. मराठीची परीक्षा द्यायची होती. तीनदा नापास होईल त्याला घरी बसवणार, असं कचेरीत बोललं जाई. वडील दोनदा नापास झाले. काल मिसरूड फुटलेली पोरं त्यांच्या मसुद्यावर तांबड्या रेघा ओढून कागद परत टाकत. ते रोज त्या रेघा घेऊन घरी येत आणि आमच्या पाठीवर उतरवत.

एका संध्याकाळी ते चुलीपाशी येऊन उभे राहिले. विनवणी करायची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "तुला येतं ना ते लिहायला. मग सांग."

आई पीठ मळत होती. "सांगते. पण दोन गोष्टी आहेत. पास झालात की पोरीला हायस्कुलात घालायचं."

मी तेव्हा सातवीत होते, आणि सिल्लोडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून माझ्यासाठी निरोप येऊन गेला होता. मुलगा दुकानावर बसत होता. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती.

"आणि दुसरी गोष्ट?" वडिलांनी विचारलं.

"शाळा माझी. कायदे तुमचेच."

वडील हसले. बायकोची हौस म्हणून त्यांनी देवापुढच्या निरांजनावर हात धरला आणि वचन दिलं. मी चौकटीत उभी होते. माझं सगळं आयुष्य त्या हाताखाली आहे, हे मला तिथंच कळलं. मुलींना अशा गोष्टी लवकर कळतात.

पहिल्या दिवशी आईनं एक अर्ज सांगून लिहून घेतला. तपासला. मग उठली, दारामागं गेली आणि खुंटीवरची छडी काढून आली. म्हणाली, "अहो, हात पुढं करा."

वडिलांना ती थट्टा वाटली. आई नुसती उभी राहिली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पोरांसमोर खेळ मोडायला नको म्हणून हसत हसत हात काढला. छडी बसल्यावर हसू गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात मागं घेतला, तर आईनं दोन जादा मारल्या. तिसऱ्या दिवशी ते छडी हिसकायला उठले. आई शांतपणे म्हणाली, "मग राहू द्या. नोकरी तुमची आहे." ते परत खाली बसले. तिनं शेवटपर्यंत त्यांना अहोजाहोच केलं. "अहो, हात पुढं करा," आणि सपकन फटका. समोर ताटात भाकरी वाळत असे आणि भाजीवर तेल थिजत असे.

आम्हाला त्यांची दया आली असेल असं ज्याला वाटतं, त्यानं कधी मार खाल्लेला नाही. मी आणि भाऊ भिंतीशी पाठ लावून बसायचो आणि प्रत्येक फटक्याला आत काहीतरी गोड व्हायचं. चूक होऊ दे, असं आम्ही देवाला म्हणायचो. भाऊ गोधडीत तोंड खुपसून हसे. त्या दिवसांत त्याचं अंथरूण कोरडं राहायला लागलं.

कचेरीत वडिलांच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे मुन्शीजी बसत. ते परीक्षेच्या वाटेलाच गेले नव्हते. उरलेले दिवस ढकलून घरी जायचं त्यांनी ठरवलं होतं. ते कधी घरी आले की वडिलांचा सुजलेला हात पाहून विचारत, "पंडितजी, हाथ कू क्या हुआ?"

"दारात सापडला."

"रोज सापडताय?" म्हणून ते आईकडे बघत आणि पान लावायला घेत.

एकदा लिहिता लिहिता वडिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. आई म्हणाली, "रडलात. आणखी दोन." त्या दोन फटक्यांना मात्र आम्ही हसलो नाही. शिकवणी कधीच संपली होती आणि आई दुसरंच काही वसूल करत होती, हे मला दिसलं. मी तिला अडवलं नाही. मला हायस्कुलात जायचं होतं.

आणि खोटं कशाला बोलू, वडिलांनी मेहनत केली. पहाटे उठून, अंगावर घोंगडी घेऊन, बोटं दुखत असताना कित्ता गिरवला. हळूहळू फटके कमी झाले. पुढं पुढं "हात पुढं करा" म्हटलं की त्यांचाही हात आपोआप येई, तळवा वर, डोळे मिटलेले, अगदी आमच्यासारखा. घडले ते. तिसऱ्यांदा परीक्षेला बसले आणि पास झाले.

गुलमंडीवरून पेढे आले. घर माणसांनी भरलं. "चाळिशीनंतर, बरं का! मेहनत और डिसिप्लिन," वडील प्रत्येकाला सांगत होते. आई चहा देत होती. तिचं नाव कुणी काढलं नाही, त्यांनी तर नाहीच. माणसं गेल्यावर त्यांनी आईनं शिकवणीपुरती देवळीत ठेवलेली छडी उचलली आणि परत आपल्या खुंटीला टांगली.

शाळा उघडायचे दिवस आले तेव्हा ते जेवताना म्हणाले, "सिल्लोडकरांना होकार कळवलाय."

आईच्या हातातली पळी थांबली. "वचन दिलंय तुम्ही."

"छडीच्या धाकानं घेतलेलं वचन म्हणजे वचन नव्हे."

"हात निरांजनावर होता. छडी नंतर आली."

"फिजूल बहस नको," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "ऊठ. एकोणतीसचा पाढा म्हण."

मी उठले. म्हणायला लागले. चुकले. "हात पुढं कर," ते म्हणाले. माझा हात गेला. त्यांनी मला मारलं, पण बघत होते ते आईकडे. प्रत्येक फटक्याला तिच्याकडे बघत होते. त्या माणसाचा मला तेव्हा आला तेवढा राग पुन्हा कधी कुणाचा आला नाही, आणि अजून तो पुरता गेलेला नाही.

आई रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाक उरकला, धुतलेलं लुगडं नेसली, माझी वेणी घातली आणि माझा हात धरून किलेअर्कातल्या कचेरीच्या दिशेनं चालायला लागली. तिला कचेरी कुठं आहे हे ठाऊक होतं, पण ती तिथं कधी गेली नव्हती. कारकुनाच्या बायका कचेरीत जात नसत.

व्हरांड्यात पट्टेवाल्यानं अडवलं. "बाई, सायब लोक लई कामात हायेत. काय काम हाय?"

"बाहेर बोलवा त्यांना," असं म्हणून आईनं वडिलांचं नाव घेतलं, जे तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलं नव्हतं. पट्टेवाला आत गेला.

वडील बाहेर आले. त्यांच्यामागं दारात मुन्शीजी, आणि त्यांच्यामागं तांबड्या रेघा ओढणारी ती पोरं. वडिलांचा चेहरा उतरला. "काय झालं घरी?"

"घरी काही नाही. तुम्ही पास झालात, पण शिकवणारणीला काही पोचलं नाही."

"घरी जा," ते दातांतून म्हणाले. "संध्याकाळी बोलू."

आईनं आवाज चढवला नाही. तिच्या हातात छडी नव्हती, काहीच नव्हतं. पानाचा डबा मागावा तसं ती म्हणाली, "अहो, हात पुढं करा."

आणि तो आला. सगळ्या कचेरीसमोर वडिलांचा उजवा हात पुढं आला, तळवा वर, डोळे गच्च मिटलेले, मान थोडी वळलेली. फटका येईना म्हणून त्यांनी डोळे उघडले, तेव्हा कुठं त्यांना कळलं की आपण कुठं उभे आहोत. पण तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. तांबड्या रेघावाल्यांपैकी एकजण फिसकन हसला. मग सगळेच हसले.

आईनं माझा हात उचलून त्या तळव्यावर ठेवला. "हिला घेऊन हायस्कुलात चला."

एक मुन्शीजी तेवढे हसले नव्हते. ते मागून हळू म्हणाले, "जाओ पंडितजी. बच्ची का हाथ पकडो और जाओ."

आम्ही गेलो. वडिलांचा हात घामानं भिजला होता, आणि मी तो घट्ट धरून ठेवला होता, सुटला तर मी सिल्लोडला जाऊन पडेन अशा भीतीनं. मला त्यांची लाज वाटत होती आणि इतका आनंद झाला होता की पाय जमिनीला लागत नव्हते. शाळेत माझं नाव घालून होताच त्यांनी हात सोडवून घेतला आणि धोतराला पुसला.

संध्याकाळी आईनं छडी मोडून चुलीत घातली. वडील बघत राहिले. त्यानंतर ते आईशी थेट कधी बोलले नाहीत. "तुमच्या आईला विचारा, पाणी तापलं का," अशी आमच्यामार्फत तीस वर्षं काढली. कचेरीत ते चढत गेले, पुढं साहेब झाले, निरोपाच्या समारंभात त्यांच्या मेहनतीचे आणि शिस्तीचे गोडवे गायले गेले. पण हाताखालची माणसं त्यांना पाठीमागं 'हात-पुढं साहेब' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी शिकले, मास्तरीण झाले, मुख्याध्यापिका झाले. एवढ्या सगळ्या यशाला त्या व्हरांड्यातला एक हात पुरला.

ते शेवटचे आजारी होते तेव्हा मी शाळा सुटली की तशीच दवाखान्यात जायची. त्यांचं बोलणं गेलं होतं, माणसं ओळखू येत नव्हती. आई स्टुलावर बसून असे. एके दिवशी नवी नर्स आली. सुई टोचायची होती. ती लाडानं म्हणाली, "आजोबा, हात पुढं करा बरं."

पांघरुणातून हात बाहेर आला. तळवा वर, डोळे गच्च मिटलेले. नर्सनं तो उलटा करून सुई लावली, पट्टी चिकटवली आणि पांघरुणावर ठेवून दिला. वडिलांनी तो पुन्हा उताणा केला आणि तसाच धरून ठेवला. फटका बसल्याशिवाय तो हात मागं जाणार नव्हता.

"किती शहाणे आहेत हो आजोबा," नर्स म्हणाली. "सांगितलं की लगेच ऐकतात."

"हो," आई म्हणाली. "मीच शिकवलंय." आणि तिनं पिशवीतून मोसंबं काढून सोलायला घेतलं.