बोकडवालीचं खाकरणं

दूध केंद्रावरच्या माणसाला सगळे नाकाड्या म्हणत. किटलीचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि 'चालेल' नाहीतर 'परत' म्हणायचं, हीच त्याची नोकरी. नाक इतकं तिखट की त्याला माणसंच सोसत नसत. कुणाच्या तोंडाला वास, कुणाच्या अंथरुणाला. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. घरातला तिच्या तेलाचा वास गेला, बरं झालं, असं तो सांगे.

सगळ्यांत किळस त्याला शेजारच्या बोकडवालीची. म्हातारी एकटी, थंडीत बोकड घरात घेऊन झोपणारी. तो उग्र दर्प तिच्या कपड्यांना, केसांना, शेळ्यांच्या दुधालाही. ती रोज किटली आणी, हा रोज नाक मुरडून म्हणे, "परत." ती बोळकं पसरून हसे आणि हा घाईने पुढची किटली ओढी.

हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण नाक मेलं. एक नासकी किटली टाकीत गेली आणि टाकीभर दूध गटारात. साहेबांनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर घरीच बसा."

दुसऱ्या दिवशी बोकडवालीची किटली हुंगून तो म्हणाला, "चालेल."

तिचं हसू मावळलं. "मेल्या, नाक गेलं की काय तुझं?" ती हळूच म्हणाली.

त्याने मान खाली घातली. ती त्याच्या मागे पोत्यावर बसली, आणि मग रोजच बसू लागली. किटली उघडली की मागूनच हुंगायची, आणि दूध खराब असलं की खाकरायची. स्वतःच्या किटलीला तर सगळ्यांत मोठ्यांदा.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तिचं ते घशातलं खरखरणं ऐकून त्याला शिसारी येई. ती त्याच्याच कपातला उरलेला चहा फुर्रकन ओढी, वर बोकडाच्या खोड्या सांगे. ती एक दिवस आली नाही, तेव्हा मात्र त्याने चारदा रस्त्याकडे पाहिलं.

आणि एका सकाळी नाक परत आलं. पहिला वास तिचाच. बोकड, घाम, शिळा चहा. त्याला उमासा आला. कळलं तर ही उद्यापासून इथे कशाला बसेल?

तिची किटली पुढे आली. त्याने झाकण उघडलं, उलटी गिळली आणि 'परत' न म्हणता तिच्या खाकरण्याची वाट पाहू लागला.