खळ्यासारखं मैदान

आमच्या शाळेच्या मैदानाला कुणी नावं ठेवली की कृष्णात मामांना ते पोटच्या लेकीला बोलल्यासारखं झोंबायचं. मामा शाळेत शिपाई. घंटा देणं, टपाल नेणं, नोटिसा फिरवणं ही त्यांची नोकरी, पण जीव सगळा मैदानात. मी त्याच शाळेत खेळ शिकवते. रोज सकाळी विश्रामबागेतून निघायचं, एसटीनं आष्ट्याला यायचं आणि संध्याकाळपर्यंत पोरींवर ओरडायचं, हे माझं काम. तोंडाची मी फटकळच. पोरी माझ्यामागं मला ‘शिट्टी’ म्हणतात, मला माहीत आहे. म्हणोत बापड्या.

मामांची गावाकडं दीड एकर उसाची जमीन. थोरला भाऊ फौजेतून सुभेदार होऊन परत आला. मामाही तीनदा भरतीला गेले आणि तिन्ही वेळा छाती अर्धा इंच कमी भरली. “अर्धा इंच, बाई! येवढ्यानं माझी वर्दी हुकली,” असं ते सत्तावन्नाव्या वर्षीही कालच घडल्यासारखं सांगतात. मग शाळेत लागले, आणि फौजेत गेले असते तर बंदूक जशी पुसली असती तसं मैदान पुसत बसले.

पुसत म्हणजे अक्षरशः. त्यांच्या वडिलांचं खळं पंचक्रोशीत नावाजलेलं. पूर्वी जोंधळा मळायला शेतात खळं करायचे ना, माती भिजवून, बैल फिरवून, धुमसानं चोपून, वर शेणकाल्यानं सारवून, दाणा पडला तर टणकन उडावा असं, ती सगळी कला मामांनी आमच्या मैदानावर लावली. पाऊस उघडला की पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चोपायचं. गोलच्या पुढचा भाग तर पाहुणे येणार असले की चक्क सारवायचा. कडेनं पांढरी फक्की मारली की ते मैदान असं देखणं दिसायचं की बघणारा म्हणायचा, वा! मीही म्हणायची.

शिवांजलीला फुटबॉलच्या गोलात उभं केलं तेही मामांनीच. ती त्यांच्या शेजारची पोर. ट्रॉलीवर उभी राहून खालून फेकलेल्या वैरणीच्या पेंड्या झेलत होती, एकही खाली पडू देत नव्हती. मामा दुसऱ्या दिवशी तिला माझ्यापुढं घेऊन आले. “बाई, ही बघा. हिच्या हातातनं वारं सुदिक निसटायचं न्हाई.” खरंच होतं ते. दोन वर्षांत माझ्या संघाची ती भिंत झाली.

मग २०२२च्या जानेवारीत आमच्या मैदानावर चार शाळांचे सामने होते. पाहुण्यांनी भाषणात मैदानाचं कौतुक केलं, मामांच्या गळ्यात हार पडला. पहिल्याच सामन्यात शिवांजलीनं डावीकडं उडी घेतली आणि कोपरावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला मधल्या रेषेवर ऐकू आला. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण पोर पडायचीच बंद झाली. बॉल अंगावर आला तर धरायची, बाजूनं गेला तर नुसती बघत राहायची. आणि मी? मी सगळ्यांदेखत म्हणाले, “तुला पडायलाच येत नाही, म्हणून लागलं. पडायचं कसं ते आधी शीक.” एकदा नाही, दहा वेळा म्हणाले असेन. मामा तिथंच रोलरला टेकून उभे असायचे.

ऑक्टोबरात ती माझ्याकडं आली. “बाई, दिवाळीनंतर माझं नाव देऊ नका. मी सोडते.” मी तिला झाप झाप झापलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि गेली. मामांनी दारातून ऐकलं होतं. त्या दिवशी घंटा दहा मिनिटं उशिरा झाली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा, पुष्करचा, नेरुळहून फोन आला. सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक तेव्हा आपल्याकडं चालू होता आणि काही सामने नवी मुंबईत होते. “मावशी, तुझ्या पोरींना घेऊन ये. मी तिकिटं काढतो.” मी तेवीस पोरी गोळा केल्या. शिवांजली नको म्हणत होती. मामा तिच्या घरी गेले, तिच्या आईला काय सांगितलं देव जाणे, पण पहाटे साडेचारला पोर बसपाशी हजर. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, सोबत एक पुरुष माणूस पाहिजे. झालं, मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून पुढच्या सीटवर.

प्रवासाचं काय सांगू! खंबाटकीत चार पोरी ओकल्या. धपाटी आणि शेंगदाण्याच्या चटणीच्या वासानं बस भरून गेली. एक्स्प्रेसवेवर मामा खिडकीला नाक लावून बसले होते आणि दर बोगद्याला “आयला, डोंगर पोखरलाय की!” म्हणत होते. नेरुळला उतरलो तर रस्त्यावर झेंडे, मोठमोठे फलक, परदेशी पोरी ट्रॅकसूट घालून हसत चाललेल्या. आमच्या पोरींचे डोळे मोठे झाले. त्यांच्याच वयाच्या मुलींसाठी एवढं मोठं शहर सजलं होतं. मला कधी असं काही मिळालं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला तिथंच रडू आलं.

गेटवर तपासणी. पाण्याच्या बाटल्या गेल्या, आणि मामांची तंबाखूची चंचीही गेली. “आवं साहेब, ती काय बॉम्ब हाय व्हय?” म्हणून त्यांनी बराच वाद घातला, पण साहेबानं चंची टोपलीत टाकली ती टाकलीच.

आत गेलो. समोर ते हिरवंगार मैदान. सामना सुरू झाला, पोरी किंचाळायला लागल्या, पण मामांचं लक्ष बॉलकडं नव्हतंच. ते गोलात उभ्या असलेल्या मुलीकडं बघत होते. ती पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. “बाई,” त्यांनी मला कोपरानं ढोसलं, “ही आतापतूर धा येळा पडली. हिला कसं काय न्हाई लागत?”

“तिला पडायला शिकवलंय मामा,” मी म्हणाले. शिवांजली माझ्या पलीकडंच बसली होती. तिनं मान वळवली.

मध्यंतरात सहा-सात माणसं मैदानात उतरली. एकाच रंगाचे टीशर्ट, हातात लांब दात्यांचे काटे. जिथं गवत उखडलं होतं तिथं ते काटे जमिनीत खुपसायचे, जरा हलवायचे, पायानं हलकंच सारखं करायचे. मामा ताडकन उभे राहिले. मागच्या बाईंनी “बसा हो काका” म्हटलं तरी बसेनात. “उकरत्यात की हो!” ते म्हणाले. “आमी चोपतो, आन ही मानसं उकरत्यात!”

उत्तरार्ध कसा संपला हे त्यांना कळलंही नसेल. बाहेर आल्यावर मी पोरींना रस्त्याकडेच्या बागेतल्या हिरवळीवर बसवलं, धपाटी काढली. मामा दिसेनात. बघते तर टपरीवर तसलाच टीशर्ट घातलेला एक माणूस चहा पीत होता आणि मामांनी त्याला गाठलं होतं. मी तरातरा तिकडं गेले.

“पाव्हणं, रोलर फिरवत न्हाई का तुमी?” मामा विचारत होते.

“फिरवतो, पण हलका,” तो माणूस म्हणाला. “जमीन लय दाबली की मरते, दादा. हवा, पाणी आत गेलं पाहिजे. गोलपुढं तर जास्तच सांभाळावं लागतं. गोलकीपरनं पडायचंच असतं ना. ती पडली की जमिनीनं तिला घेतलं पाहिजे.”

“आन गवत कुठलं?”

“आपली हरळी असते ना, तिच्याच जातीतलं.”

हरळी! जन्मभर मामांनी उसातून जी उपटून बांधावर फेकली, ती. त्या माणसानं विचारलं, “तुमच्याकडं कसं करता?”

“आमी शेणानं सारवतो,” मामा म्हणाले.

तो माणूस एवढा हसला की त्याचा चहा सांडला. मलाही हसू येणार होतं, पण मामांचं तोंड बघितलं आणि ते घशातच राहिलं. ते वळले आणि सरळ पोरींकडं चालायला लागले. शिवांजलीपुढं उभं राहून त्यांनी टोपी काढली.

“पोरी, तुझं हाड म्या मोडलं.”

शिवांजलीचा घास हातातच राहिला. “काय बोलताय मामा?”

“खरं त्येच बोलतोय. तू पडलीस तवा सगळी तुझ्यामागं दवाखान्यात गेली. म्या ती जागा बघाय गेलो. येवढी पोर पडली, पन जमिनीवर खूण न्हाई, चरा न्हाई. तवाच माझ्या मनात आलं, ही जमीन न्हाई, धोंडा हाय. पन सकाळीच गळ्यात हार पडला हुता. म्या गप बसलो.” “बाई तुला बोलायच्या, पडाय येत न्हाई म्हून. तवाबी गप बसलो. तू बराबर पडली हुतीस, पोरी. तुझं कायबी चुकलं न्हाई.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पंधरा वर्षं खेळ शिकवतेय, आणि दहा महिने त्या लेकराला बोलत राहिले, एकदाही वाकून जमिनीला हात लावून बघितला नाही! मी तिथंच, सगळ्या पोरींदेखत म्हणाले, “शिवांजली, माझंही चुकलं गं.” माझ्या तोंडून असं वाक्य पोरींनी कधी ऐकलं नव्हतं. त्या घाबरल्याच.

शिवांजली मात्र हलली नाही. “जमीन जमीनच असते मामा,” ती हळूच म्हणाली. “पडलं की लागतंच. मला आता भीती वाटते, बास.”

“न्हाई लागत,” मामा म्हणाले, आणि काय होतंय हे कळायच्या आत त्या सत्तावन्न वर्षांच्या माणसानं दोन्ही हात वर करून हिरवळीवर आडवी उडी घेतली.

धप्प! पोरी किंचाळल्या. निळी जॅकेट घातलेले दोन स्वयंसेवक धावत आले, एकानं वॉकीटॉकीवर स्ट्रेचर मागवलं, दुसरा मामांची नाडी बघायला लागला. मामा पडल्या पडल्या त्याला ढकलत होते. “आरं गड्या, काय झालं न्हाई मला! म्या पोरीला दाखवतोय!” आमच्याबरोबर आलेला पुष्कर त्या स्वयंसेवकांना इंग्रजीत काहीतरी समजावत होता, आणि त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं.

शिवांजली गुडघ्यावर बसली. “लागलं का मामा? खरं सांगा.”

“कंबर जरा धरलीया. पन ती वयामुळं.”

ती खळाळून हसली. दहा महिन्यांत तिला असं हसताना मी बघितलं नव्हतं. मग तिनं तळहात गवतावर ठेवला आणि दाबला. उचलला, पुन्हा दाबला. उडी काही तिनं घेतली नाही. मीही काही बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं हे माझं मला माहीत.

दोन दिवसांनी शाळेत गेले तर मैदानावर कुदळीचे घाव ऐकू येत होते. मामा कंबरेला टॉवेल बांधून गोलपुढचं खळं फोडत होते. दसऱ्यानंतर त्यांनी ते नुकतंच चोपून काढलं होतं. मुख्याध्यापिका व्हरांड्यातून ओरडल्या, “मामा, दिवाळीनंतर पाहुणे यायचेत, आणि हे काय चालवलंय?”

“पाव्हनं बसत्यात खुर्चीवर, बाई. पडायचं हाय पोरींना,” मामा म्हणाले आणि पुन्हा कुदळ उचलली.

मी पर्स व्हरांड्यात ठेवली आणि फावडं घेतलं. थोड्या वेळानं मोठ्या वर्गाच्या पोरी आल्या. मामांनी साखर कारखान्यावरची कुजलेली मळी खत म्हणून ट्रॉलीभर आणली होती, बांधावरून हरळीची मुळं गोणीत भरून आणली होती. “उपटून उपटून हात झिजलं हिच्यापायी, आता लावतोय,” असं पुटपुटत ते एकेक मूळ मातीत खोचत होते. दुपारपर्यंत गोलाच्या एका बाजूचा तुकडा तयार झाला. इतकं ओंगळ मैदान आमच्या शाळेनं कधी बघितलं नसेल.

शिवांजली दिवसभर लांब उभी होती. सुट्टी झाल्यावर ती आली, दप्तर खांबापाशी ठेवलं आणि गोलात जाऊन उभी राहिली. “मामा, बॉल मारा.”

“म्या? जन्मात कवा मारला न्हाई गं!”

“तुमीच मारा.”

मामांनी चपलेसकट लाथ घातली. बॉल कसाबसा लोळत नव्या मातीच्या बाजूला निघाला. दोन पावलं टाकली असती तरी तिच्या हाती आला असता. तिनं पावलं टाकली नाहीत. ती पडली. सबंध आडवी, डाव्या कोपरावर, बॉल पोटाशी घेऊन. आणि तशीच पडून राहिली. मामांचा हात तोंडावर गेला.

ती उठली तेव्हा युनिफॉर्म, वेणी, गाल, सगळं मातीनं माखलेलं. तिनं कोपर वाकवून बघितलं, सरळ करून बघितलं, आणि बॉल मामांच्या अंगावर फेकला.

“असा काय मारताय ओ मामा? जोरात मारा की!”

मामांनी चपला काढल्या आणि दहा पावलं मागं गेले.