मन्मथची दोन मिलीची प्लेट

मन्मथ बरोबर होता आणि मी चूक.

हे चारचौघांत बोलायला मला चार वर्षं लागली. आज त्याला जाऊन बरोबर एक वर्ष झालं.

त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून खिदळलेल्या सगळ्यांनी हे वाचा. त्यात पहिला नंबर माझाच आहे.

अहमदपूरला मोंढ्याच्या मागं त्याचं गॅरेज आणि लोखंड कातायचा माझा लेथ. मधी एकच भिंत. तिच्यातली एक वीट त्यानं काढून ठेवली होती. त्या भोकातून चहाचा कप यायचा, पान्हा यायचा, शिव्या तर रोजच्याच.

"बाल्या, मशीन बंद कर की जरा. गाडीचं दुखणं ऐकू दे मला."

हा माणूस नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचा. मला त्याचं हसू यायचं. माझ्याकडं आयटीआयचं सर्टिफिकेट होतं ना, आणि हातात मापाचं व्हर्नियर!

त्याला हौस एकच. भंगारातून उचललेली जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, नुसता सांगाडा, मागं खाचांचा टायर. लोहा गावाकडच्या माळावर सुगी उरकली की पोरं मुरमाच्या चढावर गाड्या चढवतात. त्याला त्या बारक्या इंजिनवर तो चढ चढायचा होता.

"मोठं इंजिन घे की," मी म्हणलं.

"मोठ्या इंजिनवर कुणीबी चढंल. ह्याचाच स्ट्रोक वाढवू."

स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव. ती वाढली की गाडीला ओढ येते. मी लेथवर पिस्टनला हलवणाऱ्या क्रँकची नवी पिन काढून दिली, मधला भाग दोन मिलीमीटर बाहेर सरकवलेला. म्हणजे पिस्टन दोन मिली जास्त वर जाणार आणि दोन मिली जास्त खाली. धाव चार मिलीनं वाढली.

आता पिस्टन वर धडकू नये म्हणून सिलिंडरच्या खाली प्लेट घालून तो उचलायचा. पण किती?

मी म्हणलं चार. धाव चारनं वाढली तर प्लेट चारचीच.

तो म्हणला दोन.

प्लगच्या भोकातून त्यानं सायकलची तार घातली, क्रँक हातानं फिरवला. "बग की बाल्या. वर दोनच चाललाय. बाकीचे दोन खाली जाऊन राहिलेत."

मी बघितलंच नाही.

"आयटीआय मी केलंय का तू?"

चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यानं तार काढून घेतली.

"बरं बाबा. लेथवाल्याचं माप. तूच काढ."

मी चारची काढली. वरून ऐटीत कोपऱ्यात माझ्या नावाचा 'बा' पंचानं ठोकला.

माळावर गाडी चढाच्या मध्यातच मेली. नुसती बोंबलत होती, ओढ काहीच नाही. पिस्टनच्या डोक्यावर दोन मिलीची फट राहिली, तर दाब येणार कुठून? पोरांनी व्हिडिओ काढला. त्या दिवसापासून त्याचं नाव 'स्ट्रोकवाला' पडलं.

"कार्बोरेटर माझ्याच हातानं बिघडला," तो सगळ्यांना सांगायचा.

आणि मी नालायक वरून म्हणायचो, "तरी सांगत होतो, जास्तीचं शहाणपण करू नको."

तीन वर्षं ती गाडी त्याच्या घरी ताडपत्रीखाली होती. तीन वर्षं तो हसणं ऐकून घेत होता.

मागल्या वर्षी आजच्या दिवशी त्याच्या छातीत कळ आली. लातूरला निघालो, पण चाकूर आलं आणि संपलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. मातीच्या वेळी मीच सगळ्यांच्या पुढं. लोक म्हणले, दोस्ती असावी तर अशी.

परवा त्याच्या बायकोचा, महादेवी वहिनींचा फोन आला. "भाऊ, ती गाडी कुणालातरी देऊन टाका. दारात बघवत न्हाई."

गेलो. द्यायच्या आधी इंजिन उघडून बघावं म्हणलं. आत माझी चारची प्लेट, माझा 'बा'.

आणि सीटच्या खाली तेलकट फडक्यात गुंडाळलेली दुसरी प्लेट. कानशीनं हातानं घासलेली. व्हर्नियर लावला. दोन मिली. चारी कोपऱ्यांना दोन.

ती कोरी नव्हती. सिलिंडरचा ठसा उमटला होता तिच्यावर.

"ही त्यानं कधी बसवली होती?" मी वहिनींना विचारलं.

"माळावरून आल्यावर आठ दिसांनी. तुम्ही नांदेडला गेल्ता त्या दिवशी. शिवारात फिरून आले. लेकरावानी हसत होते. आन् सांजच्याला ती काढून परत जुनीच घातली."

"का?"

"म्हणले, बाल्या भिंतीच्या पलीकडून आवाज ऐकंल, त्याला कळंल. लोकांत आपलं माप चुकलं म्हणून लई लागंल त्याला."

मी माझ्या प्लेटवरचा 'बा' अंगठ्यानं घासत राहिलो.

अरे, एकदा तरी शिवी घालायचीस रे! भोकातून प्लेट फेकून मारायचीस माझ्या टाळक्यात!

माफी मागायला समोर माणूस लागतो. भिंतीतलं ते भोकसुद्धा आता राहिलं नाही. गॅरेजच्या जागेत मोबाईलवाला आलाय, त्यानं सिमेंटनं बुजवून टाकलं.

काल दुपारी त्याच्याच दारात त्याची प्लेट बसवली. दुसऱ्या किकला गाडी लागली. काय आवाज होता! माझ्यासारख्या ठोंब्यालासुद्धा कळला.

वहिनी तोंडाला पदर लावून दारात उभ्या होत्या. थोडा वेळ ऐकलं त्यांनी.

"बंद करा भाऊ."

बंद केली.

श्रद्धांजली वाहणारा मी कोण लागून गेलो?

दोनच लागत होते, मन्मथअप्पा. दोनच.