फ्लेक्सवरचा गोपनीय कागद

सुभेदार नाथाजींना कुणी "कुठं निघालात?" असं विचारलं की ते "हितंच" म्हणतात. मग ते कोपऱ्यावर निघालेले असोत, नाहीतर कोरेगावच्या एसटीत बसलेले असोत. त्यांच्या बायकोला, रंगुबाईंना, नवरा फौजेत नेमका कुठं होता हे लग्नाला चाळीस वर्षं होऊनही ठाऊक नाही. पत्रावर पत्ता म्हणून फक्त छप्पन्न एपीओ, म्हणजे फौजेचं टपालखातं. "बर्फात असत्याल म्हणून मी दोन वर्सं लोकरीचं मोजं धाडलं," त्या सांगतात, "मागनं कळलं, वाळवंटात हुतं."

फौजेत ते स्टोअर सांभाळायचे. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी लाइटबिल भरलं की पावतीचे बारीक तुकडे करून चुलीत घालतात. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट चुकून हातात आलंच, तर पालथं धरून त्याच्या घरी नेऊन देतात. जो कागद आपल्या नावचा नाही तो वाचायचा नाही, एवढाच त्यांचा धर्म.

मी जिनेंद्र. उंब्रजला हायवेलगत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन शिकलो विश्रामबागेत, सांगलीला. वाटलं होतं पुस्तकांची कव्हरं करीन, करतोय वाढदिवस आणि दहावे. माणूस मला आधी फूट बाय फुटात दिसतो. पंधरा ऑगस्टला माजी सैनिकांचा फ्लेक्स सुभेदार स्वतः सांगायला येतात. दरवर्षी आठ बाय चार, दरवर्षी तोच मजकूर, आणि छापण्याआधी तीनदा तपासणार. त्यामुळं त्यांचा टोपीतला फोटो माझ्या कम्प्युटरात कायमचा आहे. पुढचा घोळ त्या फोटोनं केला. म्हणजे मीच केला.

त्यांचा मुलगा शिवतेज फौजेत ट्रक चालवायचा. दोन वर्षांपूर्वी घाटात ट्रक दरीत गेला, त्यात तो गेला. चौकशीत ठरलं, चालकाचा निष्काळजीपणा. सुभेदारांच्या गावात ग्रामपंचायतीसमोर जवानांची नावं कोरलेला दगड आहे. निष्काळजीपणाचा शिक्का बसल्यावर शिवतेजचं नाव त्यावर आलं नाही. सुभेदार कुणाला काही बोलले नाहीत. रंगुबाई मात्र दळणाला जाताना तो दगड टाळून मागच्या बोळानं जाऊ लागल्या.

आणि यंदा मानसिंगला पकडलं. मानसिंग शिवतेजच्याच बरोबरीचा, त्याच गावचा. दोघंही सुभेदारांच्या शिट्टीवर माळावर पळून भरती झालेले. मानसिंग त्याच तुकडीच्या ऑफिसात कारकून होता. तिथं फायलीत त्याला एक कागद सापडला. त्या ट्रकांचे ब्रेक नीट लागत नाहीत, अशी तक्रार अपघाताआधी तीनदा वर गेली होती आणि वरून उत्तर आलं होतं की नव्या गाड्या येईपर्यंत याच चालवा. कागदावर गोपनीय असा शिक्का. मानसिंगनं फोटो काढून तो एका पत्रकाराला दिला. पंधरा दिवसांत तो कोठडीत.

गाव एका रात्रीत मानसिंगचं झालं. माझं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं होतं. सकाळी वाटायचं, ब्रेकचा कागद बाहेर आला तर देशाचं काय बुडालं? दुपारी वाटायचं, आज ब्रेकचा, उद्या कशाचा, आणि कुठला कागद बाहेर काढायचा हे प्रत्येक कारकुनानं आपल्या मनानं ठरवायचं का? संध्याकाळी गिऱ्हाइकं असायची म्हणून बरं.

तो कागद प्रत्येकाच्या मोबाइलवर आला. सुभेदारांच्याही आला. त्यांनी तो न उघडता पुसून टाकला. रंगुबाई भांडल्या. "आवं, आपल्या पोराचं लिवलंय त्यात." सुभेदार म्हणाले, "माझ्या नावचा न्हाई."

मग एक दिवस मानसिंगची बायको दीपमाला तालमीतल्या दोघांना घेऊन दुकानात आली. वीस बाय दहाचा फ्लेक्स हवा होता. डावीकडं वर्दीतला मानसिंग, मधे तो कागद, वाचता येईल एवढा मोठा, खाली चौतीस शुभेच्छुक, त्यातले अकरा गॉगल लावलेले.

"कागद कशाला, वहिनी?" मी विचारलं.

"लोकांस्नी दिसू दे दादा, त्येनं काय चोरलं ते. सोनं न्हाई चोरलं."

आमच्याकडं मार्गदर्शकाशिवाय फ्लेक्स होत नाही. वरच्या कोपऱ्यात गावातल्या वडीलधाऱ्याचा फोटो लागतोच, आणि त्याला कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याला परका समजणं. मी म्हटलं, मार्गदर्शक कोण घालू? दीपमाला म्हणाली, "सुभेदारच की. दुसरं कोन?" मी पंधरा ऑगस्टचा फोटो उचलला आणि चिकटवला. आजवर हजार वेळा असं केलंय.

फ्लेक्स गावच्या फाट्यावर लागला, डेअरीच्या बरोबर समोर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली हातात तशीच घेऊन सुभेदार माझ्या दुकानात आले. तीन किलोमीटर चालत.

"शेठ, कुनाला इचारून माझा फोटू लावला?"

मी म्हटलं, "गावाला वाटलं तुमी मानसिंगच्या बाजूनं असाल."

"मलाच ठावं न्हाई मी कुनाच्या बाजूनं हाय. गावाला कसं कळलं?" ते खुर्चीवर बसले. "फोटू ऱ्हाऊ द्या. तो कागद झाका. गोपनीय कागद असा फाट्यावर टांगत्यात व्हय? म्हशी बी बघत्यात."

मी हसलो नाही. शिडी घेतली, पावसाळ्यातला जुना हिरवा प्लॅस्टिकचा कागद घेतला, दुकान बंद केलं आणि दोघं माझ्या गाडीवरून फाट्यावर गेलो. मी चढतो म्हटलं, तर ऐकेनात. बहात्तर वर्षांचा माणूस शिडीवर चढला, आणि तोंड हायवेकडं फिरवून, मागं हातानं चाचपत, गाठी मारू लागला. मी खाली शिडी धरून उभा. मला त्यांचा राग आला होता, आणि माझाही.

तीन कोपरे बांधून झाले. चौथ्याला त्यांचा हात थांबला.

"शेठ, त्यावर तारखा हायत का?"

"हायत. तीन."

"पयली कंची?"

"बारा मार्च."

शिवतेज अकरा जुलैला गेला होता, हे गावात सगळ्यांना पाठ आहे. मग चौथी गाठ मारून ते उतरले आणि किटलीवर हात ठेवून तिथंच बसले.

"एप्रिलात त्येचा फोन आलेला," ते म्हणाले. "आण्णा, गाडी नीट थांबत न्हाई, म्हनला. मी म्हनलं, असलं फोनवर बोलायचं नसतं, आन फोन ठिवला. म्हनलं, वरच्यांस्नी ठावं असतंय." किटलीचं झाकण दाबून म्हणाले, "ठावं हुतं की."

त्या माणसाला काय सांगायचं? मी वीस बाय दहावर सगळ्यांचं कौतुक छापतो, पण तेव्हा नुसती शिडी उचलून गाडीला बांधली.

चार दिवसांनी दीपमाला पुन्हा आली, बरोबर सुभेदार. मानसिंगच्या वकीलबाई विश्रामबागेत असतात. त्यांना माजी सैनिकांच्या सह्यांचं पत्र हवं होतं, आणि सगळ्यात वर, अपघातात गेलेल्या जवानाच्या बापाचं चार ओळींचं. दीपमालानं सुभेदारांना काही समजावलं नाही, फक्त कोरा कागद दिला. ते माझ्या काउंटरपाशी तासभर बसले. एक तास, चार ओळी. नंबर, हुद्दा, नाव, सही. मग कागद पालथा ठेवून निघून गेले. तो कागद माझ्या नावचा नव्हता. मी वाचला.

"मानसिंगने गोपनीय कागद बाहेर दिला, तो गुन्हा आहे. माझ्या मुलाने तोंड बंद ठेवले, ते मी शिकवले होते. दोघांनाही मीच भरतीला तयार केले. कोण चुकला ते मला कळत नाही, पण मानसिंगला सोडावे."

मी स्कॅन करून विश्रामबागेला पाठवला. वकीलबाईंचा लगेच फोन आला. पहिलं वाक्य काढा, म्हणाल्या. बापानंच गुन्हा म्हटलं तर आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. बाकीचं फार चांगलं आहे. दोन मिनिटांचं काम होतं. मी दिवसभर फोटोतल्या माणसांच्या मागची माणसं पुसत असतो, एक ओळ ती काय!

पण विचारल्याशिवाय एकदा फोटो लावून झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर गेलो. सुभेदार दूध घालून येत होते, बरोबर रंगुबाई होत्या. मी वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं.

"शिकलेली बाई हाय. तिचं बरूबर असंल," ते म्हणाले. मग मान हलवली. "पर काढू नगा."

"मानसिंगला तोटा झाला तर?"

"व्हईल बी. मला न्हाई कळत शेठ." त्यांनी किटली रंगुबाईंकडं दिली. "पोराचं बोलनं मी मधीच तोडलं. आता कुनाचंच तोडायचं न्हाई. वकीलबाईस्नी सांगा, हाय तसं घ्या, न्हाईतर घिऊ नगा."

आणि त्यांनी मला शिडी मागितली. शिडी आणली नव्हती, तर डेअरीची काठी घेऊन खालूनच हिरवा कागद ओढला. दोन गाठी सुटल्या, तो एका बाजूला लोंबला. चष्मा पुसून ते फ्लेक्ससमोर उभे राहिले. अख्खा कागद इंग्रजीत. ओठ हलवत वरून खालपर्यंत वाचला, शिक्क्यासकट. शेवटी आल्यावर पुन्हा वर गेले.

रंगुबाई किटली धरून शेजारी उभ्या होत्या. "काय लिवलंय वं?" त्यांनी विचारलं.

सुभेदारांनी इकडंतिकडं पाहिलं. मग काठी वर करून पहिल्या ओळीवर टेकवली आणि मोठ्यानं, एकेक ओळ मराठीत करून, बायकोला सांगायला लागले.